जिल्हा बाल संरक्षण कक्षात ‘विधी सह परिविक्षा अधिकारी’ म्हणून रुजू होताय? मग हे आधी वाचा

महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. कायद्याची बाजू सांभाळायला तिथे एक पद असतं, विधी सह परिविक्षा अधिकारी (लीगल-कम-प्रोबेशन ऑफिसर). एलएल.बी. झालेली बरीच तरुण मुलंमुली या पदासाठी अर्ज करतात आणि रुजू झाल्यावर गोंधळतात, कारण कॉलेजात बाल न्याय कायद्याचं एखादं प्रकरण वाचलेलं असतं आणि इथे पहिल्याच दिवशी समोर फायलींचा गठ्ठा येतो. मी रुजू झाले तेव्हा आधीच्या व्यक्तीची मुदत संपून खुर्ची बरेच महिने रिकामी होती. काम समजावून सांगायला कुणी नव्हतं. तुमच्यावर तशी वेळ आली तर हाताशी काहीतरी असावं म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. एखादं मूल बालगृहात गरजेपेक्षा महिनाभर जास्त राहतं, तेव्हा त्यामागे पुष्कळदा एक न आलेला अहवाल किंवा कुणी न मागवलेला दाखला असतो. तो अहवाल, तो दाखला वेळेत आणणं हे तुमचं मुख्य काम. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

१. पद नेमकं काय आहे ते समजून घ्या

हे पद केंद्र पुरस्कृत ‘मिशन वात्सल्य’ योजनेतलं आहे. आधी हीच योजना एकात्मिक बाल संरक्षण योजना म्हणून ओळखली जायची आणि जुन्या फायलींवर अजूनही तेच नाव दिसेल. नेमणूक कंत्राटी असते. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या पदाचं मानधन दरमहा २७,८०४ रुपये आहे. पात्रता म्हणजे कायद्याची पदवी आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव, महिला-बालकांच्या प्रश्नांवरचा असेल तर उत्तम. जाहिराती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर किंवा राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य बाल संरक्षण संस्थेमार्फत निघतात.

कक्षात तुमच्या वर जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, आणि सगळ्यांच्या वर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी. बरोबरीला दोन संरक्षण अधिकारी असतात, एक संस्थात्मक काळजीसाठी (बालगृहातली मुलं) आणि एक बिगर संस्थात्मक (कुटुंबात राहणारी मुलं). शिवाय समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, लेखापाल आणि क्षेत्र कार्यकर्ते. क्षेत्र कार्यकर्त्यांशी पहिल्या दिवसापासून नीट वागा. कोणत्या तांड्यावर कुणाचं घर आहे आणि कोणत्या शाळेतले मुख्याध्यापक फोन उचलतात, हे त्यांनाच माहीत असतं.

इथे एक सापळा आहे आणि फार जण त्यात अडकतात. तुमच्याकडे वकिलीची सनद असेल आणि तुम्ही पूर्णवेळ पगारी काम स्वीकारलं, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिली सुरू ठेवता येत नाही. रुजू होण्याआधी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला लेखी कळवा, सनद स्थगित करून घ्या आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा. ‘कंत्राटीच तर आहे, कोण विचारतंय’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. ज्या बाल न्याय मंडळासमोर तुम्ही अहवाल देता त्याच मंडळासमोर तुमच्या नावाचं वकीलपत्र निघालं, तर नुकसान मुलाचं होतं.

२. रुजू होताना लागणारी कागदपत्रं

एलएल.बी.च्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले (संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह), अधिवास प्रमाणपत्र, संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटी, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, पोलीस चारित्र्य पडताळणी, लागू असेल तर जात प्रमाणपत्र आणि जात वैधता. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून निवड यादी लागली की लगेच अर्ज टाका. करारनाम्यावर सही करण्याआधी मुदत, रजा आणि प्रवासभत्ता यांची कलमं वाचा. गृहभेटींसाठी खूप फिरावं लागतं आणि प्रवासभत्त्याबद्दल आधीच स्पष्ट विचारलेलं बरं.

३. पहिला आठवडा: समितीत आणि मंडळात जाऊन बसा

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा तुमचा रोजचा कायदा. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्याच्या जोडीला महाराष्ट्राचे २०१८चे नियम. दोन्हींची छापील प्रत टेबलावर ठेवा आणि २०२१ची दुरुस्ती त्यात पेनानं लिहून घ्या, कारण बाजारातल्या बऱ्याच प्रती जुन्या असतात.

या कायद्यात मुलांसाठी दोन वेगळी दारं आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल बाल कल्याण समितीपुढे जातं. हरवलेलं, सोडून दिलेलं, भीक मागायला लावलेलं, मारहाण सोसणारं, लग्न लावलं जाण्याच्या बेतात असलेलं, ही सगळी मुलं इथली. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्यांच्या न्यायपीठासारखे अधिकार असतात. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते मूल, म्हणजे विधिसंघर्षग्रस्त बालक, बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ता सदस्य असतात, त्यांपैकी एक महिला.

पहिला आठवडा या दोन्ही ठिकाणी मागच्या खुर्चीवर बसून घालवा. मूल आत आल्यावर कोण बोलतं, रोजनामा (त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद) कोण लिहितं, कुठल्या कागदासाठी पुढची तारीख पडते, हे पाहा. पुढची तारीख कशासाठी पडली याची रोज नोंद केलीत, तर आठवड्याभरात तुमच्या जिल्ह्याचं दुखणं कळेल. कुठे वैद्यकीय अहवाल अडतो, कुठे पोलिसांचा, तर कुठे आपल्याच कक्षाचा.

दोन्हींच्या अंतिम आदेशावरच्या सह्या मोजायची सवय लावून घ्या. अंतिम निर्णयाच्या वेळी समितीचे किमान तीन सदस्य हजर लागतात, आणि मंडळात प्रधान दंडाधिकारी धरून किमान दोन. समितीची बैठक नसताना एकट्या सदस्यापुढेही मूल हजर करता येतं, पण त्या सदस्याच्या निर्णयाला पुढच्या बैठकीत समितीची मान्यता लागते. ही मान्यता रोजनाम्यात आली की नाही, हे पाहणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

४. तारखांची वही

सगळ्यात जास्त जीव या टप्प्यात लावा. ऑनलाइन पोर्टल आहे आणि त्यात नोंदी कराव्याच लागतात. तरीही मी एक जाड वही ठेवली होती. प्रत्येक मुलासाठी एक पान, आणि पानाच्या डोक्यावर ‘पहिल्यांदा हजर केल्याची तारीख’. कायद्यातल्या बहुतेक मुदती त्याच तारखेपासून मोजल्या जातात.

समितीकडच्या मुलासाठी: मूल मिळाल्यापासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत समितीपुढे हजर. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत. अंतिम आदेश चार महिन्यांत.

मंडळाकडच्या मुलासाठी: ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत हजर. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत. चौकशी चार महिन्यांत पूर्ण, आणि कारणं नोंदवून आणखी दोन महिन्यांची मुदतवाढ. किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढवलेल्या मुदतीतही संपली नाही, तर कार्यवाही संपुष्टात येते. मुलगा सोळा वर्षांवरचा असेल आणि गुन्हा गंभीरतम वर्गातला, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा असेल, तर कलम १५ खालचं प्राथमिक मूल्यांकन तीन महिन्यांत.

पानावर लाल शाईनं लिहा ती मुदत म्हणजे जामिनाचे सात दिवस. मंडळानं जामीन दिला, पण आईबापाकडे जामीनदार नाही, सातबारा नाही, कधी गावाहून यायला भाडंही नाही. मूल मात्र निरीक्षणगृहातच (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथेच) राहतं आणि सगळे समजतात, जामीन झाला, आता ते घरी गेलं असेल. कलम १२(४) सांगतं की आदेशापासून सात दिवसांत जामिनाच्या अटी पूर्ण करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे हजर करायचं. दर सोमवारी निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांना फोन करून एवढंच विचारा, ‘जामीन होऊनही आत असलेलं कुणी आहे का?’ नाव मिळालं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांना त्याच दिवशी कळवा आणि वैयक्तिक हमीवर सोडण्याचा अर्ज द्यायला सांगा. मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे. ही मदत मागण्यासाठी मुलाच्या आईबापाला ताटकळत ठेवायची गरज नाही.

५. वय ठरवताना

मूल अठराच्या आतलं आहे की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. कलम ९४ ने पुराव्यांचा क्रम ठरवून दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचं दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. वरचा कागद हाती असताना मुलाला सिव्हिल हॉस्पिटलला पाठवू नका, आणि पोलिसांनी पाठवलं असेल तर मंडळाच्या लक्षात आणून द्या. वैद्यकीय तपासणीत वयाचा अंदाज एका पट्ट्यात येतो आणि त्यात दोन्हीकडे फरक गृहीत धरला जातो. सतरा की एकोणीस, अशा ठिकाणी त्या अंदाजावर मुलाचं आयुष्य टांगून ठेवणं बरोबर नाही.

सापळा शाळेच्या कागदात आहे. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला किंवा जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा आणला की काम झालं असं सगळे समजतात. पण पी. युवाप्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं आहे की शाळा बदलल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा हे कलम ९४(२)(१) मध्ये अपेक्षित असलेले कागद नव्हेत. म्हणून मी ठरवून टाकलं होतं: निर्गम उतारा आला तरी मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचा स्वतंत्र दाखला मागायचा, शिवाय पहिल्या इयत्तेत नाव घालताना कोणता कागद दाखवला होता हेही लिहून घ्यायचं. त्याच वेळी जन्म जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला जन्मनोंदीसाठी पत्र टाकायचं. आईनं ‘सरकारी दवाखान्यात झाला’ एवढं सांगितलं तरी पुरतं. प्रसूती रजिस्टरवरून नोंद शोधता येते.

आधार कार्ड बहुतेकांच्या खिशात असतं. त्यावर पुष्कळदा १ जानेवारी अशी तारीख दिसते, कारण नोंदणीच्या वेळी फक्त वर्ष सांगितलेलं असतं. आधार हा जन्मतारखेचा पुरावा मानता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्येही म्हटलेलं आहे. ते ओळखीसाठी फाईलला लावा, वयासाठी नको.

आणखी एक. अल्पवयीन असल्याचा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो. पोलिसांनी एकोणीस लिहिलं आणि मुलगा थेट कारागृहात गेला, असं घडतं. विधी सेवा प्राधिकरणाची मंडळी कारागृहाच्या भेटीला जातात तेव्हा त्यांच्यासोबत जा आणि वयानं लहान दिसणाऱ्या प्रत्येकाला त्याची शाळा विचारा.

६. सामाजिक तपासणी अहवाल

विधिसंघर्षग्रस्त बालकासाठी केंद्राच्या आदर्श नियमांतला नमुना ६, काळजी व संरक्षणाच्या मुलासाठी नमुना २२. नमुना लांबलचक आहे आणि तो टेबलावर बसून भरण्याचा मोह होतो. ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, वडील व्यसनी, मुलाला संस्थेत ठेवणे योग्य’ या एका ओळीनं भरलेले अहवाल मी ढिगानं वाचले आहेत. त्या ओळीवर मुलाचं वर्ष संस्थेत जातं. गरिबी हे मुलाला घरापासून तोडण्याचं कारण नाही. कायद्याच्या कलम ३ मधल्या तत्त्वांत संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलेला आहे.

घरी जा, आणि शक्यतो संध्याकाळी जा. दिवसा आईवडील मजुरीवर असतात आणि तुम्हाला फक्त शेजारी भेटतात. शेजाऱ्यांशी बोलताना मुलावर काय प्रकरण आहे ते सांगू नका. ‘शाळेच्या कामासाठी आलोय’ अशी थापही मारू नका. ‘महिला बाल विकासकडून भेटीला आलोय’ एवढं पुरतं. सरकारी गाडीवर फलक असेल तर ती वस्तीबाहेर उभी करा.

आजी, मामा, मोठी बहीण, जबाबदारी घेऊ शकेल असं कोण आहे ते शोधा. मुलाला सगळ्यात आधी कुणाची आठवण येते हे त्यालाच विचारा आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत अहवालात लिहा. एका प्रकरणात मुलानं वडिलांचं नाव घेतलंच नाही, फक्त आत्याचं गाव सांगितलं, आणि शेवटी ती आत्याच त्याला घेऊन गेली. अहवालाच्या शेवटी शिफारस स्पष्ट लिहा. कुणाच्या ताब्यात, कोणत्या अटींवर, पाठपुरावा कोण करणार आणि कोणती योजना लावायची. ‘योग्य तो आदेश व्हावा’ असं लिहिलं तर पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते.

मूल दुसऱ्या जिल्ह्यातलं किंवा राज्यातलं असेल, भुसावळ, मनमाड, कल्याणसारख्या जंक्शनवर अशी मुलं खूप मिळतात, तर त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडून गृहचौकशी मागवावी लागते. नुसतं ईमेल टाकून थांबू नका. तिथल्या तुमच्याच पदावरच्या व्यक्तीचा नंबर मिळवा आणि बोला. बिहार किंवा उत्तर प्रदेशच्या कक्षातल्या माणसाशी मोडक्या हिंदीत झालेलं दोन मिनिटांचं बोलणं तीन स्मरणपत्रांपेक्षा लवकर काम करतं. मुलीला तिच्या गावी पोचवायचं असेल तर सोबत महिला पोलीस असणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

७. पोलीस ठाण्याशी काम करताना

प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. बदल्या होत राहतात, त्यामुळे नावांची यादी दर तिमाहीला ताजी करा.

नियमांप्रमाणे मुलानं केलेल्या प्रत्येक गुन्ह्याचा एफआयआर होत नाही. गुन्हा गंभीरतम वर्गातला असेल किंवा प्रौढ व्यक्तीसोबत मिळून केलेला असेल तरच एफआयआर, एरवी स्टेशन डायरीत नोंद आणि नमुना १ मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल. सायकलचोरीत चौदा वर्षांच्या मुलावर सरळ एफआयआर झालेला दिसला, तर तो मुद्दा मंडळापुढे लेखी मांडा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यानं त्याच्याशी बोलताना साध्या कपड्यांत असायचं असतं. अंमलदारांना हे सांगताना कायद्याची प्रत हातात ठेवा आणि आवाज खाली. बऱ्याच जणांना खरोखर माहीत नसतं, आणि एकदा नीट सांगितलं की पुढच्या वेळी तेच तुम्हाला फोन करून विचारतात.

तुमच्या स्वतःच्या कागदांतही ‘आरोपी’, ‘अटक’, ‘गुन्हेगार’ हे शब्द येऊ देऊ नका. कलम ३ मध्ये हे तत्त्व म्हणूनच लिहिलेलं आहे.

८. पॉक्सोची प्रकरणं

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (म्हणजेच पॉक्सो) खाली तक्रार आली की पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. ही माहिती नमुन्यात आली का, हे रोज सकाळी तपासा. अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर मुलाला त्या घरात ठेवायचं की नाही याचा निर्णय समितीनं तीन दिवसांत करायचा असतो. त्या तीन दिवसांत गृहचौकशी तुम्हालाच करावी लागेल, त्यामुळे असं प्रकरण आलं की बाकीचं काम बाजूला ठेवा.

समितीकडून मुलासाठी सपोर्ट पर्सन नेमला जावा, यासाठी पहिल्याच तारखेला टिपणी ठेवा. तपासापासून खटला संपेपर्यंत हा माणूस मुलासोबत असतो. कपडे, प्रवास, जेवण अशा तातडीच्या खर्चासाठी समिती शिफारस करू शकते, आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ती रक्कम द्यायची आहे. हे फार कमी ठिकाणी मागितलं जातं, मागा. अत्याचारपीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. त्यासाठी एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल आणि बँक खातं लागतं. खातं उघडायला आठवडे जातात, तेव्हा ते काम आधी सुरू करा.

मुलाला तुम्ही स्वतः घटना विचारू नका. जबाब महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकारी घेतात. प्रत्येक नव्या माणसापुढे पुन्हा सांगायला लावणं हाच मुलावर दुसरा आघात असतो.

९. बालविवाहाचा फोन

हा फोन बहुधा रात्री येतो, आणि लग्न सकाळचं असतं. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. गावातलं कुणीतरी नाव न सांगता त्यावर कळवतं. मराठवाड्यात ऊसतोडीला निघण्याच्या आधीचे दिवस आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा काळ विशेष जागे राहण्याचा.

क्रम असा ठेवा. आधी गावाचं नाव, वस्ती, मुलीचं नाव आणि शाळा लिहून घ्या. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, त्याला फोन. मग ठाण्याला फोन, आणि लगेच लेखी संदेशही, म्हणजे वेळेची नोंद राहते. मुख्याध्यापकांकडून किंवा अंगणवाडी सेविकेकडून मुलीच्या जन्मतारखेची खात्री. लग्नाचं कायदेशीर वय मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस. मग प्रत्यक्ष जा.

मंडपात पोचल्यावर दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर भांडण काढू नका. मुलीच्या आईवडिलांना बाजूला घ्या. लग्न लावणारे, ठरवणारे, हजर राहून प्रोत्साहन देणारे, सगळ्यांवर गुन्हा होऊ शकतो हे शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा मंडप उतरतो. त्यानंतर सगळे म्हणतात, हमीपत्र लिहून घ्या आणि चला. इथेच फसगत होते. हमीपत्र देऊन आठ दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात मामाच्या गावी तेच लग्न लागतं. लग्न लावलं जाण्याचा धोका असलेली मुलगी ही कायद्यानंच काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालिका आहे. तिला समितीपुढे हजर करा, समितीच्या आदेशात पाठपुराव्याच्या तारखा लिहून घ्या, आणि घरचे ऐकत नाहीत असं वाटलं तर बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मागा. हुकूम असताना लावलेलं लग्न मुळातच अवैध ठरतं. मनाई हुकमाच्या अर्जाचा मसुदा संगणकावर तयार ठेवा, नाव-गाव भरलं की निघेल असा.

१०. दत्तक आणि योजना, थोडक्यात

मूल समर्पित करणाऱ्या, म्हणजे सांभाळता येत नाही म्हणून समितीकडे सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्याआधी काहीही पुढे सरकवू नका. सापडलेल्या मुलाला दत्तकासाठी मुक्त घोषित करण्याची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्यापुढच्या मुलासाठी चार महिने. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे प्रस्ताव नीट लावणं आता पूर्णपणे आपल्याकडे आलं आहे. कुणी ‘बाळ थेट देऊ-घेऊ’ असं बोललं तर ते बेकायदेशीर आहे हे तिथल्या तिथे सांगा.

मुलाला घरी पाठवताना घराला आधार लागतो. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात (स्पॉन्सरशिप) दरमहा ४,००० रुपये मिळतात. कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरी भागात ९६,०००. शिवाय राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. विधवा किंवा एकट्या आईला या योजना माहीतच नसतात. गृहभेटीला जाताना कोरे अर्ज पिशवीत ठेवा.

११. टेबलावर कायम असावं असं

अधिनियम आणि राज्याचे नियम, पॉक्सो कायदा व २०२०चे नियम, बालविवाह कायदा. कोरे नमुने. सर्व ठाण्यांच्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांची यादी, पॅनेल वकिलांचे क्रमांक, शेजारच्या जिल्ह्यांच्या कक्षांचे क्रमांक. आवक-जावक रजिस्टर आणि पोचपावत्यांची वेगळी फाईल. कुलूप लागणारं कपाट. मुलाचं नाव, फोटो, शाळा किंवा पत्ता उघड करणं हा कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यातून सुटत नाही. ‘माहितीसाठी’ म्हणून मुलाचा फोटो ग्रुपवर टाकायला कुणी वरिष्ठानं सांगितलं, तर नम्रपणे कलम दाखवा आणि प्रकरण क्रमांकानं माहिती द्या. पत्रकारांनाही तेच.

१२. मुदत संपताना

कंत्राट आज ना उद्या संपतं किंवा तुम्ही दुसरीकडे जाता. शेवटच्या पंधरवड्यात तारखांच्या वहीतून एक हस्तांतरण यादी करा: प्रकरण क्रमांक, मूल सध्या कुठे आहे, पहिल्यांदा हजर केल्याची तारीख, पुढची मुदत, कोणता कागद कुणाकडून यायचा आहे आणि शेवटचं स्मरणपत्र कोणत्या जावक क्रमांकानं गेलं. जामीन होऊन आत असलेली मुलं यादीत सगळ्यात वर. या यादीच्या तीन प्रती काढा, एक जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांना, एक समिती आणि मंडळाच्या कार्यालयात, आणि एक तुमच्या जागी येणाऱ्यासाठी कपाटात. तिन्हींवर पोच घ्या.